गोळीबरोबर आणखी काय घेता?

गेल्या अंकात एचआयव्हीच्या गोळ्यांबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही गुडघेदुखीच्या प्रश्नाच्या ओघात. त्यावर आलेला पत्रांचा गठ्ठा संपादकांनी घरी पाठवून दिला. बहुतेक पत्रांखाली नाव नाही. एकावर तर राहण्याचं ठिकाण लिहून पुन्हा पेनाने गिरवून खोडलंय. तेव्हा ह्या वेळी दुसरा विषय नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट. सरकारी कार्यक्रमात ही औषधं 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली. मुंबईत सुरुवात जे.जे.मध्ये झाली. त्यानंतर दोन वर्षांनी मी शहरातल्या एका एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राच्या, औषध-खिडकीत बसले ती 2023 पर्यंत. खिडकीतून माणसाचा चेहरा कमी आणि हात जास्त दिसतात. डबी घेऊन लगेच पिशवीत खाली दडपणारे हात. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "गोळीबरोबर आणखी काय घेता?" आणि दहातले नऊ जण म्हणायचे, "काही नाही."

प्रश्न : वय 46, भांडुप. छापखान्यात काम करतो. सात महिन्यांपूर्वी टीएलडी गोळी सुरू झाली. एक दिवस चुकलेला नाही. बायको स्वतः पाण्याचा पेला हातात देते. ती निगेटिव्ह आहे, तिला सगळं ठाऊक आहे. तरी सहा महिन्यांचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) 1,860 आला. समुपदेशक म्हणतात, "खरं सांगा, किती चुकल्या?" मी खोटारडा ठरलो. क्रिएटिनिनही (किडनीच्या तपासणीतला आकडा) 0.9 चं 1.05 झालं; ओळखीचे डॉक्टर म्हणाले, किडनी खाणारी गोळी आहे. झोप उडाली ती वेगळीच. बंद करून बघू का? बाकी तब्येत ठीक. जेवणाच्या वेळा पाळता येत नाहीत म्हणून पित्त होतं, त्यासाठी रात्री जेवल्यावर गुलाबी औषधाचे दोन चमचे घेतो, तेवढंच.

तुमचं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटच्या ओळीवर थांबले. "तेवढंच" म्हणून जे लिहिलंत, माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. गुलाबी बाटली हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असं काहीतरी दिसेल. रात्री जेवल्यावर ते दोन चमचे, आणि पाण्याचा पेला येतो तोही बहुधा त्याच सुमारास. बरोबर?

टीएलडी म्हणजे एका गोळीत तीन औषधं : टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन 300, डोलुटेग्राविर 50. ह्यातलं डोलुटेग्राविर काम कसं करतं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. विषाणूला आपला मजकूर आपल्या पेशीच्या मजकुरात शिवून टाकायचा असतो. ते शिवणकाम करणाऱ्या त्याच्या एन्झाइमच्या ऐन गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन कण असतात. डोलुटेग्राविर त्या कणांनाच जाऊन घट्ट धरतं आणि एन्झाइम बंद पाडतं. धातू दिसला की धरायचा, हा त्याचा गुणच. आता पोटात आधीच चमचाभर मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम तयार असेल तर ते तिथेच त्यांना धरून बसतं. मग रक्तात उतरायला उरतं थोडंच. गोळी घेतली हे खरं, आणि ती पोहोचली नाही हेही खरं.

तुम्ही खोटारडे नाही. हे मी ठामपणे म्हणते त्याला कारण आहे. माझ्या खिडकीवर एक टॅक्सीवाले यायचे. त्यांचाही व्हायरल लोड खाली येईना. मी त्यांच्या कार्डावर माझ्या हाताने शेरा लिहिला होता, "गोळ्या चुकवतात." पुढच्या महिन्यात शर्टाच्या खिशातून हिरवं पुस्तक (सेंटरकडून मिळणारी उपचाराच्या नोंदींची वही) काढताना त्यांची एक पट्टी खाली पडली. पित्ताच्या चघळायच्या गोळ्या. सिग्नलला थांबले की एक, दिवसाला सहा-सात. मी महिन्यामागून महिना "आणखी काय घेता" विचारत होते आणि ते "काही नाही" म्हणत होते, कारण पेपरमिंटच्या चवीची वस्तू औषध असते असं त्यांना वाटलंच नव्हतं. तो शेरा मी खोडला. त्यांची माफी मागितली का, तर नाही. तेव्हा सुचलं नाही, आणि पुढे त्यांची बदली घराजवळच्या सेंटरला झाली.

आता करायचं काय. बाटली पिशवीत घालून सेंटरला जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नियम असा : टीएलडी आधी घेतली तर मध्ये निदान दोन तास जाऊ द्यायचे, मगच पित्ताचं असलं औषध, ते आधी घेतलं असेल तर टीएलडीला सहा तास थांबायचं. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे पित्तासाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ह्या जातीचं औषध डॉक्टरांकडून लिहून घेणं. डोलुटेग्राविरला त्यांचा अडथळा नाही. (हे फक्त टीएलडीवाल्यांसाठी. दुसऱ्या फळीतलं अटाझानावीर घेणाऱ्यांनी ह्या ओळीवर जाऊ नये. त्यांना नेमकी ही औषधं अडचणीची, विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत.)

व्हायरल लोड 1,000 च्या वर आला की सेंटर समुपदेशन करतं आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी लावतं. ती चुकवू नका. माझा अंदाज बरोबर असेल तर आकडा घसरेल. नसेल तर विषाणू औषधाला दाद देईनासा झालाय का हे बघावं लागेल, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. तोवर घरात निरोध वापराच. व्हायरल लोड सापडेनासा होऊन तसाच टिकला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता नीट सिद्ध झालेलं आहे. पण तुमचा आकडा अजून तिथे आलेला नाही.

क्रिएटिनिन. डोलुटेग्राविरमुळे ते पहिल्या काही आठवड्यांत किंचित वर दिसतं आणि तिथेच थबकतं. क्रिएटिनिन लघवीत टाकण्याची एक वाट हे औषध अडवतं, मूत्रपिंडाची गाळणी बिघडवत नाही. 0.9 वरून 1.05 हे बहुधा तेवढंच. पण तुमच्या डॉक्टरांनी हवेत बाण मारला असंही मी म्हणणार नाही. टेनोफोव्हिर काही थोड्या लोकांच्या मूत्रपिंडाला खरोखर त्रास देतं, हाडंही थोडी विरळ करतं. म्हणून सेंटरला रक्त आणि लघवीची तपासणी ठरावीक मुदतीने होते. एका आकड्याला घाबरायचं नसतं, चढत जाणाऱ्या आकड्यांकडे लक्ष ठेवायचं असतं. तेव्हा मागचे सगळे कागद एकत्र दाखवा.

झोपेचं सोपं आहे. ही गोळी रात्रीच घ्यायला हवी असं काही नाही. डॉक्टरांना सांगून सकाळवर आणा, बऱ्याच जणांची झोप परत येते. मात्र मन फार खचलं, जीव नकोसा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं.

आणि "बंद करून बघू का" ह्याला उत्तर, नाही. विषाणू परत वाढतो हे एक. दुसरं फार कमी लोकांना माहीत असतं. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्युडिन ही दोन्ही कावीळ ब च्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ज्याच्या अंगात तीही आहे त्याने गोळी एकदम सोडली तर यकृताची सूज उसळून येते, आणि ती जिवावर बेतू शकते. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. बंद करायचं ते सेंटरने सांगितल्यावर.

प्रश्न : ताई, मी कुर्ल्याला पोळ्याभाजीची कामं करते. वय 52. पंधरा वर्षं झाली औषधाला. आधीच्या गोळ्यांनी गाल बसले, मग नखं काळी झाली, मग रात्री भलभलती स्वप्नं. आता टीएलडीवर काही त्रास नाही, पण दोन वर्षांत सहा किलो वजन वाढलं. साखर निघाली, त्यासाठी मेटफॉर्मिन 1000 च्या दोन गोळ्या दिवसाला आणि हाडांसाठी कॅल्शियम. साखरेच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलेलं नाही. सांगावं का?

ताई, तुम्ही चार वाक्यांत ह्या औषधांचा इतिहासच लिहिलात. गाल बसले ते स्टॅव्हुडिनने. पायाला मुंग्याही येत असतील तेव्हा. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितलं. त्याने गेलेली चेहऱ्याची चरबी पूर्ण परत येत नाही, हे तुम्हाला आरशाने सांगितलंच असेल. काळी नखं झिडोव्हुडिनची, ते रक्तही कमी करतं. स्वप्नं इफाव्हिरेंझची. माझ्या खिडकीवर एक आजी म्हणायच्या, "गोळी चढते गं, मेलेली सासू रोज भांडायला येते." त्या सगळ्याच्या मानाने टीएलडी खरंच सोसायला हलकी आहे.

पण साखरेच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि ह्याच आठवड्यात. डोलुटेग्राविरमुळे अंगातून मेटफॉर्मिनचा निचरा कमी होतो, म्हणून रक्तात ते नेहमीपेक्षा जास्त साठतं. दोन्ही एकत्र असतील तर मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. तुम्ही 2000 घेताय. मळमळ, जुलाब, गळून गेल्यासारखं होतं का? मूत्रपिंड अशक्त असेल तर हे जास्तच जपावं लागतं. मात्र मनाने एक गोळी कमी करू नका, साखर चढेल. डॉक्टर दुसरं औषध जोडून मेटफॉर्मिन उतरवतील. तोंडाने "एचआयव्ही" म्हणायचा धीर होत नसेल तर बोलू नका, हिरवं पुस्तक उघडून पुढे करा. मी अशी कितीतरी माणसं पाहिलीत जी शब्द न काढता सगळं सांगून मोकळी झाली.

कॅल्शियमही धातूच. ते टीएलडीबरोबर घ्यायचं तर दोन्ही भरल्या जेवणावर एकदम घ्या, चालतं. उपाशीपोटी एकत्र नको. तेव्हा वर सांगितलेलं दोन तास-सहा तासांचं अंतर. लोहाच्या गोळीलाही हेच.

वजन वाढतं हे खरं आहे, आणि ते बायकांमध्ये जास्त दिसलंय. काही वजन आजारपणातून सावरल्याचं असतं, सगळं नसतं. तुम्ही दिवसभर ओट्यासमोर उभ्या असता, "चाला" असं कुठल्या तोंडाने सांगू? पण जिथे जिथे पोळ्या लाटता तिथे उरलेलं खाऊन घेता ना? माझी आई हेच करायची. ते तेवढं बघा.

प्रश्न : भावाला टीबी निघाला. एचआयव्हीची गोळी चालू आहेच. आता सेंटरने संध्याकाळी आणखी एक पिवळी लहान गोळी दिली. डोस दुप्पट झाला, काही चूक तर नाही ना? — शिवडी

चूक नाही. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की डोलुटेग्राविर लवकर संपून जातं. म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्राविर 50 ची जादा गोळी. टीबीचा कोर्स संपल्यावरही ती लगेच थांबत नाही, साधारण दोन आठवडे चालू ठेवतात. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलतात असं धरून चालू नका, तुम्हीच दोन्ही कागद दोन्हीकडे दाखवा. आणि भावाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली तर त्याच दिवशी घेऊन जा. यकृतावर ह्या काळात भार जास्त असतो.

प्रश्न : नवरात्रात मी नऊ दिवस उपास करते, त्यात गोळी घेऊ का? शिवाय वैद्यांनी पित्तावर शंखभस्म दिलंय. ते आयुर्वेदिक आहे, त्यामुळे हरकत नसावी. — गिरगाव

टीएलडी उपाशीपोटी चालते, भरल्या पोटी चालते. पाण्याच्या घोटाने उपास मोडतो का हे तुम्ही आणि देवी ठरवा, गोळी चुकवायची नाही.

शंखभस्म म्हणजे कॅल्शियम. प्रवाळही कॅल्शियम. मंडूर आणि लोहभस्म म्हणजे लोखंड. डोलुटेग्राविर लेबल वाचत नाही हो, त्याला धातू कळतो. उपासाच्या दिवसांत तर पोट रिकामं, म्हणजे अंतर ठेवणं आणखी गरजेचं. वैद्यांनाही गोळीचं नाव सांगा.

प्रश्न : दाढ काढायची आहे. डेंटिस्टला एचआयव्हीचं सांगितलं तर तो बाहेर काढेल. नाही सांगितलं तर औषधांचा घोटाळा. काय करू? — दादर

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केलेला भेदभाव आहे. कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कागदावर असलेलं खुर्चीत बसल्यावर मिळेलच ह्याची हमी मी देत नाही. सतरा वर्षांत मी उलटंही पाहिलंय. तुमच्या सेंटरला विचारा, ते बहुधा एखाद्या सरकारी दंत विभागात चिठ्ठी देतील. मोफत 1097 नंबरवरही विचारता येतं.

औषधाचं म्हणाल तर दाढेसाठी हमखास लिहितात ते डायक्लोफेनॅकसारखं दुखण्याचं औषध टेनोफोव्हिरच्या जोडीने मूत्रपिंडाला जड जातं, विशेषतः जास्त दिवस घेतलं तर. रोगाचं नाव नाही सांगितलं तरी "मी टेनोफोव्हिर घेतो, किडनीला जपायचंय, पॅरासिटामॉलवर भागेल का?" एवढं विचारा. फिटचं औषध चालू असणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन डोलुटेग्राविरला कमी करतात. ते सेंटरला माहीत असलंच पाहिजे.

प्रश्न : मावशी, मी 24 वर्षांचा. कांदिवलीला चौघं एका खोलीत राहतो, कॉल सेंटरची पाळी बदलती. तिघांना काही माहीत नाही. लेबल फाडून गोळ्या जुन्या व्हिटॅमिनच्या डबीत भरल्या होत्या, डबी बाथरूमच्या फळीवर. एकाने ताकद येईल म्हणून त्यातली एक खाल्ली! त्याला काही होईल का? आणि गोळ्या हल्ली जरा मऊ लागतात.

एका गोळीने त्याला काही होऊ नये. फार तर डोकं जड वाटेल, मळमळेल. पण दुसरी खाऊ देऊ नकोस. आणि तू त्याला काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस. मला विचारायचं धाडस नाही.

मऊ लागणाऱ्या गोळ्या घेऊ नकोस. त्या सेंटरला घेऊन जा, बदलून मिळतील. ओरडतील थोडं, ऐकून घे. मुंबईच्या पावसाळ्यात बाथरूमची फळी म्हणजे औषधाचा नरक. डबीत जी छोटी पांढरी पुडी येते ती ओल शोषायला असते, ती काढून टाकायची नाही, आणि झाकण प्रत्येक वेळी घट्ट. लेबल फाडू नकोस, त्यावर मुदत आणि बॅच असते. लपवायचंच असेल तर डबी तशीच कुलपाच्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये.

पाळी बदलली तरी गोळीची वेळ घड्याळाला बांध, झोपेला नाही. दुपारी दोन धर. कुठल्याही पाळीत तू दोनला कुठेतरी जागा असतोसच, किंवा गजराने उठशील. विसरलास तर आठवेल तेव्हा घे. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर ती सोड, नेहमीची घे. दोन एकदम कधीच नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर सेंटरला फोन करून विचार.

ट्रेनमध्ये बॅगेत डबी खुळखुळते असं तू ताजा कलममध्ये लिहिलंयस. पूर्ण डबी नेतोसच कशाला? स्टीलची, पेचाचं झाकण असलेली बोटाएवढी डबी चावीच्या जुडग्याला अडकवता येते. त्यात त्या दिवसाची एक गोळी, सोबत कागदी रुमालाचा तुकडा दाबून, म्हणजे वाजत नाही. माझ्याकडे येणारे एक मोटरमन अशीच ठेवायचे, त्यात एक लवंगही असायची. कोणी विचारलं तर लवंग काढून दाखवायचे.